बॅकग्राउंड क्लीन आहे

तीन वर्षांपूर्वी एका फोटोग्राफी स्पर्धेत माझ्या फोटोला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. फोटो चितळाचा होता. मान वळवून बघणारा नर, शिंगांवर सकाळचं ऊन, डोळ्यात उजेडाचा एक ठिपका, आणि मागे सगळीकडे लोण्यासारखा मऊ हिरवा रंग. परीक्षकांनी दोन वाक्यांत कौतुक केलं. 'डोळा एकदम शार्प आहे. बॅकग्राउंड क्लीन आहे.' मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. आठवडाभर तो उघडून बघतही होतो, खोटं कशाला बोलू.

दिवाळीत तो फोटो मामाला दाखवला. मामाचं शेत सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगराखाली आहे. फोटो त्याच डोंगरावरून, उताराकडे तोंड करून काढलेला. मामाने फोन लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "कुठलं जंगल म्हणायचं हे?"

मागचा तो लोण्यासारखा हिरवा रंग म्हणजे त्याचा ऊस होता.

मी म्हणालो, सागरेश्वर. "आपलं? आपलं असं दिसतंय व्हय?" मामा खूशच झाला. त्याने तो फोटो घरातल्या सगळ्यांना फिरवून दाखवला. ज्या पिकाला त्याने वर्षभर पाणी पाजलं होतं, ज्याच्या राखणीला तो रात्री बॅटरी घेऊन जातो (कारण हीच हरणं खाली उतरतात), ते पीक फोटोत होतं आणि त्याला ओळखू आलं नाही. मी काही बोललो नाही. पण 'क्लीन' हा शब्द तेव्हापासून मला खुपायला लागला. क्लीन म्हणजे काय पुसलं? घाण नक्की कुठली होती?

सागरेश्वरच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण हे जंगलच माणसाने लावलेलं आहे. एके काळी हे डोंगर बोडके होते. धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी तिथे झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली. १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. जवळ यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे, खाली कृष्णेचं खोरं आणि खोऱ्यात नजर पोचेल तिथवर ऊस. माणसाने लावलेली झाडं, माणसाने सोडलेली हरणं, भोवताली माणसाची शेती. अशा ठिकाणचा माझा फोटो बघून ऑफिसातल्या तिघांनी विचारलं, "कान्हाला गेलेलास का?" मी नाही म्हणालो, पण तेवढंच. पुढचं सांगितलं नाही.

आता हे पुसणं होतं कसं, ते थोडं बघू. लेन्सचा फोकस एका ठरावीक अंतरावर बसतो. त्या अंतराच्या थोडं अलीकडचं आणि थोडं पलीकडचं आपल्या डोळ्याला अजून स्पष्ट वाटतं. हा जो स्पष्ट वाटणारा पट्टा, ती डेप्थ ऑफ फील्ड. पट्टा केवढा असेल ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. लेन्सचं छिद्र मोठं असेल तर पट्टा अरुंद. लेन्स लांब पल्ल्याची असेल तर अरुंद. समोरची वस्तू जवळ असेल तर अरुंद. छिद्राचा आकडा उलटा चालतो, एवढं फक्त लक्षात ठेवायचं: एफ/२ म्हणजे मोठं छिद्र, एफ/१६ म्हणजे बारीक.

माझ्या चितळाचं गणित असं होतं: ६०० मिलिमीटरची सेकंडहँड झूम, एफ/६.३, क्रॉप सेन्सर, हरीण साधारण २५ मीटरवर. पट्टा निघतो अर्धा मीटरही नाही. नाकापासून खांद्यापर्यंत, बस्स. त्याच्या मागे ऊस असो, गोठा असो, ताबूत असो, सगळं सारखंच वितळणार. म्हणजे 'क्लीन बॅकग्राउंड' ही माझी नजर नव्हती, कर्तबगारी तर नव्हतीच. ते लेन्सच्या किमतीत मिळालं होतं.

अर्थात हे फक्त हरणांच्या फोटोंपुरतं नाही. ऑगस्ट संपत आला की साताऱ्याचं कास पठार आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये उतरतं. मी गेल्या काही वर्षांत कासचे शेकडो फोटो बघितले असतील, स्वतः तीन हंगाम तिथे गेलो आहे, आणि आता फोटो लोड होण्याआधीच तो दोनपैकी कुठला असणार ते सांगता येतं. एकात एकच फूल असतं आणि मागे नुसता रंग. दुसऱ्यात क्षितिजापर्यंत गालिचा असतो आणि पायाजवळच्या पाकळीपासून ढगापर्यंत सगळं कोरून काढल्यासारखं स्पष्ट.

आधी एकट्या फुलाचा फोटो घेऊ. त्यातलं काही अपरिहार्य आहे, ते मान्य करायला हवं. सीतेची आसवं हे फूल असतं सेंटिमीटरभर. ते सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं उतरवायचं तर एफ/८ लासुद्धा स्पष्ट पट्टा मिळतो सुमारे एक मिलिमीटरचा. पाकळीची एक कड धरली की दुसरी सुटते. इथे मागचं धूसर होणं हा भौतिकशास्त्राचा कर आहे, तो भरावाच लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. फोटोग्राफर पोटावर झोपतो आणि लेन्स फुलाच्या पातळीला आणतो. असं केलं की फुलाच्या मागे लगेच काही येत नाही, येतं ते थेट पन्नास मीटरवरचं गवत, आणि त्याचा होतो गुळगुळीत रंग. तोच कॅमेरा वीतभर वर उचलून थोडा खाली झुकवला, तर फुलाच्या मागे जवळचीच ओली जमीन येते. तीही धूसर होते, पण जांभा आहे, त्यावर पाणी झिरपतंय, माती अगदी पातळ थराची आहे, एवढं कळतं. आता सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. त्या ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यात ती सूक्ष्म जीव ओढून घेते. का, तर त्या मातीत पोषण नाही. पिशव्या फोटोत दिसणार नाहीतच. पण माती पुसली की त्या फुलाच्या असण्याचं कारणच पुसलं जातं. उरतं ते कुठल्याही फुलवाल्याकडे मिळेल असं एक गोड, जांभळं काहीतरी.

कासचं पठार म्हणजे सुमारे १२०० मीटर उंचीवरचा जांभ्या खडकाचा सडा. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कास आलं. साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद असलेल्या या पठाराची खरी गोष्ट फुलांपेक्षा खडकात आहे. कुठे पाणी साठतं, कुठे वाहून जातं, कुठे बोटभर माती अडकते, त्यावर कोण उगवणार ते ठरतं. वायतुरा घ्या. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आपोनोजेटॉन सातारेन्सिस. तो पाणथळ जागीच येतो. पाणी न दाखवता काढलेला वायतुऱ्याचा फोटो बघितला की मला प्रोफाइल फोटोवरून माणसाशी लग्न ठरवल्यासारखं वाटतं.

मग सगळं स्पष्ट दिसणारा गालिचा खरा म्हणायचा का? तिथेही गोम आहे. त्याची कृती आता यूट्यूबवर कोणीही सांगतं: वाइड लेन्स लावा, कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, छिद्र बारीक करा आणि फोकस क्षितिजावर न ठेवता 'हायपरफोकल' अंतरावर ठेवा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर आणि एफ/११ असेल तर हे अंतर येतं साधारण १.८ मीटर. तिथे फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून, म्हणजे ९० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. गणित म्हणून मला हे फार आवडतं. कॉलेजात ऑप्टिक्स इतकं सुंदर कोणी शिकवलं असतं तर मी कदाचित आयटीत आलो नसतो.

पण कॅमेरा गुडघ्याखाली गेला की जमिनीकडे तिरपं, जवळजवळ आडवं बघितलं जातं. पुढच्या तेरड्यामागे दुसरा तेरडा झाकला जातो, दोघांमधला उघडा खडक, चिखल, गवत दिसेनासं होतं. उभं राहून खाली बघितलं तर ठिगळं ठिगळं असलेलं पठार आडव्या नजरेला अखंड गालिचा होतं. म्हणजे इथे एकही गोष्ट धूसर नाही आणि तरीही जमीन पुन्हा गायब. त्या फोटोच्या भरवशावर लोक येतात. ऑनलाइन बुकिंग करून, पुण्याहून पहाटे निघून, शनिवारच्या ट्रॅफिकमधून. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी सगळं पठार बघून बायकोला सांगितलेलं वाक्य मी कानांनी ऐकलंय: "फोटोतल्यासारखं काहीच नाहीये." मग ते दोघं 'फोटोतल्यासारखं' शोधायला पायवाट सोडून आत शिरले. त्यांच्या चपलांखाली काय काय आलं ते त्यांना दिसत नव्हतं, कारण त्यांनी आजवर बघितलेल्या एकाही फोटोत जमीन नव्हती.

तुमच्यातल्या बहुतेकांकडे कॅमेरा नसेल, फोन असेल. फोनची गोष्ट वेगळी आणि माझ्या धंद्याच्या जवळची आहे. फोनचा सेन्सर छोटा, लेन्स पाच-सात मिलिमीटरची. त्यामुळे त्याची डेप्थ ऑफ फील्ड आपोआपच मोठी असते. दोन-तीन मीटरवर फोकस केला की पुढचं जवळपास सगळं स्पष्ट. फूल वीतभर अंतरावर असेल तरच मागचं खरोखर धूसर होतं. म्हणजे आपल्या खिशात मुळात सगळं दाखवणारा कॅमेरा आहे. पण २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला, पुढच्या वर्षी पिक्सेल २ ने एकाच लेन्सवर तेच करून दाखवलं, आणि आता तो मोड नसलेला फोन शोधावा लागतो. यात धूसरपणा लेन्समधून येत नाही. सॉफ्टवेअर अंदाज करतं की यात मुख्य काय आणि मागचं काय, त्याची एक आकृती कापतं आणि उरलेल्यावर बोळा फिरवतं.

मी कासला गेंदाच्या फुलावर हे करून बघितलं. गेंदाचा पांढरा गोळा, खाली काडीसारखा देठ. सॉफ्टवेअरने गोळा ठेवला, देठ मागच्या गवतात जमा केला आणि फूल हवेत तरंगायला लागलं. आम्ही इंजिनिअर लोक याला बग म्हणतो आणि पुढच्या व्हर्जनमध्ये सुधारेल म्हणतो. सुधारेलही. पण मला तो बग फार प्रामाणिक वाटला. एकट्या फुलाच्या फोटोत आपण इतकी वर्षं हेच करत आलो होतो, मशीनने फक्त देठापर्यंत मजल मारली.

हे भांडण जुनं आहे. १८८९ साली पी. एच. इमर्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, माणसाचा डोळा एका वेळी मधलाच भाग स्पष्ट बघतो, म्हणून फोटोतही मुख्य विषयावर फोकस असावा आणि बाकीचं थोडं मऊ पडावं. दोनेक वर्षांत त्याने स्वतःच्याच मताचं श्राद्ध घातलं, तो भाग वेगळा. पुढे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी एकत्र येऊन गटाचं नावच 'एफ/६४' ठेवलं. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यांवरचं हे बारीक छिद्र. सगळं काठोकाठ स्पष्ट, धूसरपणाची लाडीगोडी नको. (आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर एवढं बारीक छिद्र करू नका. एफ/२२ पासूनच प्रकाश कडांवर पसरून सगळाच फोटो मऊ पडायला लागतो.)

मी तरुणपणीच्या उत्साहात, म्हणजे चार वर्षांपूर्वी, एफ/६४ वाल्यांच्या बाजूने होतो. आता इतका खात्रीने नाही. योसेमिटीच्या ज्या खोऱ्याने अ‍ॅडम्सला नाव मिळवून दिलं, तिथे मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्याच्या गाजलेल्या निसर्गचित्रांत माणूस जवळजवळ नाहीच. काहीही धूसर न करता, नुसतं ट्रायपॉड कुठे लावायचा हे ठरवून त्याने बॅकग्राउंड क्लीन केलं. उलट मऊपणाचा वकील इमर्सन इंग्लंडच्या पाणथळ प्रदेशात लव्हाळे कापणारे, मासे धरणारे लोक फोटोत घेत होता. आणि त्याने एक अट घातली होती, ती आपण सोयीने विसरलो: धूसरपणा इतका नको की वस्तूची घडणच नष्ट होईल.

मला वाटतं, आपल्या भागातल्या निसर्गाच्या फोटोला लावायची कसोटी हीच आहे. मागचं धूसर असू दे, पण ओळखू येऊ दे. कोणाला? तिथे राहणाऱ्याला. सातारा-सांगलीत असा निसर्ग मला तरी माहीत नाही ज्याच्या मागे शेत, रस्ता, धरण, देऊळ किंवा पवनचक्की नाही. कासच्या पठारावरून बामणोलीचा रस्ता जातो. हंगामात पायवाटेवर उभं राहून 'फुलं तोडू नका' सांगणारी माणसं आसपासच्याच गावांतली. ती फोटोत आली की फोटो बिघडला असं आपण धरून चालतो, फ्रेम सरकवतो, नाहीतर इरेजरने घासतो.

स्पष्ट-धूसर या जोडीच्या बाहेरही बघता येतं, हे मला औंधला कळलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये तिथे डोंगरावर उभारलेल्या भवानी संग्रहालयात पहाडी शैलीतली लघुचित्रं आहेत. त्यांत जवळचं पान आणि लांबच्या झाडाचं पान सारख्याच प्रेमाने रेखलेलं असतं. फोकस कुठे आहे हा प्रश्नच नाही. आपला डोळा चित्रभर हिंडतो आणि प्रत्येक ठिकाणी थांबायला जागा सापडते. फोटोत हे शब्दशः करायला गेलं, की निरनिराळ्या फोकसचे वीस फोटो जोडलेली ती चकचकीत, दमवणारी चित्रं तयार होतात. ती मला आवडत नाहीत, कारण त्यांत सगळं दिसतं आणि डोळा मात्र कुठेच रमत नाही. लघुचित्रकाराने प्रत्येक पान निवडून काढलेलं असतं. जोडलेल्या फोटोत ते नुसतं आलेलं असतं.

मग चांगलं उदाहरण? माझ्या एका मैत्रिणीने चाळकेवाडीच्या पठारावर काढलेला फोटो आहे. चाळकेवाडीला फुलं येतात, पण पवनचक्क्यांमुळे हौशी फोटोग्राफर नाकं मुरडतात. तिने पुढे सोनकीचा एक झुबका घेतलाय, पाऊस नुकताच थांबलेला. मागे तीन फिकट उभ्या रेघा आहेत, त्यांतल्या एकीला वर पुसट पाती. बघणाऱ्याला आधी सोनकी दिसते, मग क्षणभराने रेघा म्हणजे काय ते कळतं, आणि मग सोनकीचं झुकणं वेगळं वाटायला लागतं: हाच वारा आहे. एफ/८, ३५ मिलिमीटर. छिद्र आणखी मोठं केलं असतं तर रेघा धुक्यात गेल्या असत्या. आणखी बारीक केलं असतं तर पवनचक्क्यांनी फूल खाल्लं असतं. त्या फोटोला इन्स्टावर ४१ लाइक्स आहेत. माझ्या चितळाला साडेनऊशे.

मागच्या डिसेंबरात मी पुन्हा सागरेश्वरला गेलो, तसाच फोटो, पण ऊस दाखवून काढायचा ठरवून. वाटलं, छिद्र बारीक केलं की झालं. केलं एफ/१६. काहीच फरक नाही म्हटलं तरी चालेल. ६०० मिलिमीटरवर आणि २५ मीटरवर लांबचा ऊस एफ/१६ लाही वितळलेलाच राहतो, फक्त लोण्याचं तूप होतं. गणित घरी बसून केलं असतं तर आधीच कळलं असतं. मार्ग एकच होता, झूम मागे घ्यायची. १५० मिलिमीटर, एफ/८. आता मागे बांध दिसायला लागला, उसाची कडा, तुऱ्यांचा पांढुरका पट्टा, कोपऱ्यात विहिरीवरची शेड असावी असं काहीतरी. पण ज्या चितळाची मान आधी फ्रेम भरून होती, ते आता पूर्ण मावून भोवती मोकळी जागा उरली. डोळ्यातला ठिपका गेला. शिंगांमागे उसाचा तुरा आल्याने शिंगं पटकन सुटी दिसत नाहीत. स्पर्धेच्या भाषेत हा फोटो 'बिझी' आहे, आणि परीक्षक म्हणून मी बसलो असतो तर कदाचित मीही पहिल्या फेरीत बाद केला असता.

मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याने उत्तर दिलं नाही, ते त्याचं नेहमीचंच. संक्रांतीला गेलो तेव्हा स्वतःच फोन काढून माझ्याजवळ बसला. हरणाकडे त्याने बघितलंही नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, हरणाच्या पाठीवरून पलीकडे सरकवला, बांधावर आणला. तिथे एक नारिंगी ठिपका होता. चार पिक्सेलचा असेल नसेल. मला तो सेन्सरवरचा डाग वाटला होता आणि मी तो पुसायच्या बेतात होतो.

"हे काय बघ," मामा म्हणाला, "तुझी मामी. वैरण काढायला लागलीया."